दुसरा साक्षीदार

ओमना टीचरचं पोट दुखायला लागलं ते जूनमध्ये, शाळा उघडली त्याच आठवड्यात, आणि ते जिऱ्याचं पाणी पिऊन थांबणारं दुखणं नव्हतं. जिन्सी नावाची एकतीस वर्षांची नवी शिक्षिका शाळेच्या धक्क्यावर होडीतून उतरली, तिच्यामागून बारा टॅब भरलेली पत्र्याची पेटी उतरली, आणि ओणम यायच्या आत सगळी शाळा तिच्या मागे मागे फिरायला लागली. पोरं फिरली, पोरांचे आईबाप फिरले, हेडमास्तर वर्गीस सार तर सगळ्यांच्या पुढे.

तशी ओमना टीचर दुष्ट नव्हती. बावीस वर्षं तिने ह्याच शाळेत मल्याळम शिकवलं होतं. तिच्या हाताखालून गेलेल्या पोरांचं अक्षर तालुक्यात कुठेही ओळखू यायचं. आणि तिचं खरं वैभव म्हणजे ‘ओळम’, शाळेचं हस्तलिखित. वर्षाला एक अंक. जाड कागद, शाईचं पेन, कडेने वेलबुट्टी, आणि स्नेहसंमेलनात गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हस्ते प्रकाशन. हा रिवाज एकदाही चुकला नव्हता. पुराच्या वर्षी गाव छातीभर पाण्यात गेलं, तेव्हा तिने घरातलं शिलाईयंत्र बुडू दिलं आणि सगळ्या अंकांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन ती होडीत चढली होती. एकूण एक अंक वाचला. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, कारण ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

आता हे सगळं जुनं झालं होतं. जिन्सीच्या वर्गात पोरं निबंध लिहीतच नव्हती. त्यांनी भिंतभर प्रश्नांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. समुद्रापेक्षा खाली असलेल्या शेतात भात बुडत कसा नाही? बांध कुणी घातला? शाळेच्या पडवीतलं लाकडी चाक कुणाचं? वर्गीस सार रोज किती मिनिटं पेपर वाचतात? (ह्याचं उत्तर पोरांनी तीन दिवस घड्याळ लावून काढलं. बावन्न मिनिटं. सार सोडून सगळे हसले.) प्रश्न घेऊन पोरं गावभर हिंडायची, माणसांचे आवाज टॅबवर घ्यायची, फोटो काढायची, नेटवर वाचायची आणि मग लिहायची. जिन्सीने त्यांना दोन गोष्टी पक्क्या पढवल्या होत्या. कुणीही काही सांगितलं, की विचारायचं, “तुम्हाला हे कसं कळलं?” आणि लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला दोन साक्षीदार हवेत. पानाच्या तळाशी एक चौकटही ठेवलेली असायची, ‘आम्ही चुकलो कुठे’.

“आमच्या वेळी पोरं उत्तरं लिहायची,” ओमना टीचर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “आता प्रश्न चिकटवतात. पुढच्या वर्षी नुसता डिंक लावतील.”

जिन्सी खळखळून हसली. तिला हसू आलं ह्याचाही ओमना टीचरला राग आला. टोमणा मारावा आणि समोरच्याने त्याची गंमत घ्यावी, ह्यासारखं चरफडवणारं दुसरं काही नाही.

पण हे सगळंही तिने गिळलं असतं. गिळवलं नाही ते आर्द्राचं जाणं.

आर्द्रा सहावीतली. तिसरीत असताना ओमना टीचरने तिचं बोट धरून अक्षर वळवलं होतं. गेली तीन वर्षं मधल्या सुट्टीत जेवण उरकलं की पोरगी धावत यायची आणि ‘ओळम’च्या कागदावर ओळी आखत बसायची. टीचरला मूलबाळ नव्हतं. ह्यावर ती कधी बोलली नाही, पण आर्द्राच्या बोटाला शाई लागली की ती आपल्या पदराने पुसायची. यंदा ओणमनंतर पोरगी दुपारची यायची थांबली. खिडकीतून दिसायचं, पडवीत जिन्सीला टेकून बसलेली असायची, दोघींची डोकी एका टॅबवर. ओमना टीचर खिडकी लावून घ्यायची. मग आत उकडायचं, म्हणून परत उघडायची, आणि परत तेच दिसायचं.

जानेवारीत वर्गीस सारांनी तिला बोलावलं.

“ओमना टीचर, संमेलनाला यंदा जरा वेगळं करू या. जिन्सी टीचरची पोरं गावावर पुस्तक करताहेत, पडद्यावर दाखवायचं. तर प्रकाशन त्याचं करू म्हणतो.”

“आणि ‘ओळम’?”

“तेही ठेवू की. टेबलावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला बघता येईल.”

“सार, टेबलावर चहाचे पेले ठेवतात.”

सार घशातल्या घशात काहीतरी बोलले आणि त्यांनी पेपर वर केला. ओमना टीचरच्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर येते तर जिन्सी वाटच बघत उभी.

“टीचर, तुमचे जुने अंक मिळतील का हो? सगळे? पोरांना दाखवायचंय, टॅब नसताना तुम्ही माणसांना भेटून कसं लिहून घेत होता ते. शाळेत अलीकडचे दोन-तीन होते, ते मी घरी नेऊन वाचले. मला असं जमलं नसतं.”

ती मनापासून बोलत होती. म्हणूनच ते जास्त झोंबलं. शत्रू कसा, सरळ शत्रूसारखा वागला की बरं पडतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आर्द्रा आली. चार महिन्यांनी. ओमना टीचरचा जीव सुपाएवढा झाला, आणि मग पोरीच्या हातात टॅब दिसला.

“टीचर, चाकाविषयी विचारायचंय. रेकॉर्ड करू?”

“करा. आता तोंड उघडायलाही परवानगी लागते का?”

“हो. जिन्सी टीचर म्हणतात, विचारल्याशिवाय आवाज घ्यायचा नाही.”

जिन्सी टीचर म्हणतात. गेल्या वर्षी ह्याच पोरीचं प्रत्येक वाक्य ‘ओमना टीचर म्हणतात’ने सुरू व्हायचं.

“पडवीतलं चाक शाळेला कुणी दिलं?”

ते चाक म्हणजे माणसाहून उंच, लाकडी पात्यांचं, पायाने फिरवून शेतातलं पाणी बांधापलीकडे फेकायचं. पंपाच्या मोटारी यायच्या आधी त्यावर माणसं दिवसदिवस चढलेली असायची. ते कुणी दिलं हे ओमना टीचरला आपल्या नावाइतकं पाठ होतं. शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या चेल्लम्मा चेच्चीच्या, म्हणजे चेल्लम्माताईच्या बापाने, चात्तनने, ते दिलं होतं. वीस-एकवीस वर्षांपूर्वी म्हातारा पडवीत बसून सगळं सांगत होता आणि ओमना टीचर स्वतः लिहून घेत होती. ‘ओळम’च्या दुसऱ्या अंकात ते छापल्यासारख्या अक्षरात होतं, आणि त्या अंकाचं प्रकाशनही चात्तनच्याच हस्ते झालं होतं.

“मंगलत्त घराण्याने,” ती म्हणाली. “शाळा सुरू झाली तेव्हा.”

दुसऱ्याच्या भांड्यात जाता जाता मूठभर मीठ टाकावं, तसं ते वाक्य तिने टाकलं. मंगलत्त म्हणजे गावचे जुने जमीनदार. चेल्लम्मा चेच्ची संमेलनाला येणारच. बापाचं चाक जमीनदाराच्या नावावर पडद्यावर दिसलं की ती भर सभेत उभी राहणार, आणि तिचा आवाज पलीकडच्या बांधापर्यंत जातो. मग कळू दे गावाला, टॅबवरचं पुस्तक काय लायकीचं असतं ते. हे सगळं ओमना टीचरने एका श्वासात ठरवलं, आणि तिला क्षणभर फार गार वाटलं.

“तुम्हाला हे कसं कळलं?” आर्द्राने विचारलं.

“कसं कळलं म्हणजे? बावीस वर्षं ह्या शाळेत काय झोपा काढल्या मी?”

आर्द्रा ओशाळली. “तसं नाही टीचर, सगळ्यांनाच विचारतो आम्ही.” आणि तिने वहीत लिहून घेतलं, त्याच वळणदार अक्षरात.

आठवड्याने ओमना टीचरने अंकांचा गठ्ठा जिन्सीला नेऊन दिला. दुसरा अंक त्यात नव्हता. “पुरात गेला तो,” ती म्हणाली. ज्या पुरातून तिने एकूण एक अंक वाचवला होता, त्याच पुराच्या माथी तिने तो मारला. घरी कपाटात साड्यांच्या खाली अंक नीट होता.

मग ती वाट बघत राहिली. चेल्लम्मा चेच्चीलाही पोरं विचारायला जाणार हे तिच्या लक्षात होतं, पण ते तिने मनावर घेतलं नव्हतं. उडाला तर आधीच भडका उडेल, तेवढंच. भडका उडाला नाही. एका दुपारी चेच्ची तिच्या ताटात भात वाढत होती. डाव हातात तसाच ठेवून ती हळूच म्हणाली, “टीचर, एक विचारू?”

“विचार की.”

“पोरं आली होती त्या टॅबवाली. मी म्हटलं, चाक आमच्या अप्पाने आणलं, होडीत घालून, एकट्याने. तर पोरगी म्हणाली, ओमना टीचर तर मंगलत्तांनी दिलं म्हणतात. मी म्हटलं, टीचर म्हणतात ना, मग तसंच असेल. मी काय शिकले आहे? राहू दे माझं. पण टीचर,” तिने डाव भांड्यात ठेवला, “अप्पा आम्हाला जन्मभर सांगत होता. थापा मारायचा का हो तो?”

ओमना टीचरने हातातला घास ताटात परत ठेवला. आत्ता, ह्याच वेळी, एक वाक्य बोलायचं होतं. मागच्या रांगेत जिन्सी पोरांना ताक वाढत होती आणि आर्द्रा तिचा ग्लास धरून हसत होती.

“जुन्या गोष्टी आहेत चेच्ची,” ती म्हणाली. “बघू. बोलू नंतर.”

चेल्लम्मा चेच्चीने मान डोलावली आणि तिला वर आणखी एक पळी सांबार वाढलं. त्या रात्री ओमना टीचरला झोप आली नाही. सकाळी जिन्सीला गाठून सांगून टाकायचं, चुकून बोलले म्हणायचं, असं तिने पक्कं केलं. सकाळी शिक्षकांच्या खोलीत पेपर उघडा पडलेला. आतल्या पानावर जिन्सीचा फोटो, भोवती टॅब घेतलेली पोरं, आणि आर्द्राने तिच्या खांद्यावर डोकं टेकलेलं. खाली लिहिलं होतं, गावाचा इतिहास शोधणारी शाळा. ओमना टीचरने पेपरची चार वेळा घडी घातली आणि ती तिसरीच्या वर्गावर निघून गेली. कुणाला काही सांगितलं नाही.

संमेलन फेब्रुवारीतल्या शनिवारी दुपारी होतं. सभागृहात पांढरं मुंडू, म्हणजे लुंगीचं धोतर, ताणून पडदा केला होता. दाराशी टेबलावर डाळवड्यांची परात, चहाचे पेले, आणि त्यांच्यामध्ये ‘ओळम’चा नवा अंक. त्यावर पहिल्या दहा मिनिटांतच पेल्याचं गोल वर्तुळ उमटलं. ओमना टीचर दुसऱ्या रांगेत बसली होती. चेल्लम्मा चेच्ची भिंतीशी उभी होती, नवी साडी नेसून, खांद्यावर पंचा.

आर्द्रा पुढे आली. पानं सरकू लागली. बांध कसे घातले, मातीचे गोळे पाण्यात बुडी मारून कसे बसवले. आवाज आले, म्हाताऱ्यांचे खोकले आले, लोक आपापल्या माणसाचा आवाज ओळखून टाळ्या वाजवायला लागले. ओमना टीचरलाही कळत होतं की काम चांगलं झालंय. फार चांगलं. वाक्यं सरळ, नेटकी, एकही शब्द उगाच नाही. पोरीला असं लिहायला आपण शिकवलं नव्हतं, हेही तिला कळत होतं.

मग चाकाचं पान आलं. ‘हे चाक मंगलत्त घराण्याने शाळेला दिले.’

ओमना टीचरने भिंतीकडे पाहिलं. आता. पण चेल्लम्मा चेच्ची ओरडली नाही. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि ती रिकामे पेले गोळा करायला लागली.

आर्द्रा पानाच्या तळाशी लिहिलेलं वाचत होती. “ह्या वाक्याला साक्षीदार एकच आहे. चेल्लम्मा चेच्ची आधी वेगळं म्हणाल्या होत्या, पण मग त्यांनी ते मागे घेतलं. जिन्सी टीचर म्हणत होत्या, तरीही दोन्ही लिहा. आमचं दोन दिवस भांडण झालं. मग मतं घेतली आणि मी जिंकले. कारण ओमना टीचर सांगतात, त्याला दुसरा साक्षीदार लागत नाही.”

आणि तिने पडद्यावरून नजर काढून दुसऱ्या रांगेत पाहिलं. ओळी आखून झाल्या की कागद वर धरून बघायची ना, जमलं का टीचर, तसं. तोंडभर हसून.

ओमना टीचरला कळलं, ही कुठे गेलीच नव्हती. चार महिने खिडकी लावून आपण जिच्यासाठी जळत होतो, ती दोन दिवस आपल्यासाठी भांडत होती, तेही जिन्सीशी. आणि भांडून तिने जिंकलं काय, तर आपलं खोटं.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली.

“ते चूक आहे,” ती म्हणाली.

वर्गीस सार लगबगीने पुढे आले. “होतं टीचर, होतं. इतक्या वर्षांचं, आठवणीत गडबड होणारच.”

“गडबड नाही, सार. मला ठाऊक होतं. चाक चात्तनने दिलं. मी मुद्दाम खोटं सांगितलं. आणि दुसरा अंक पुरात गेला नाही, माझ्या कपाटात आहे. थांबा सगळे.”

घर पुलापलीकडे. ती गेली आणि पंधरा मिनिटांनी घामाघूम होऊन परत आली. कुणीही हललं नव्हतं, वडेसुद्धा कुणी खाल्ले नव्हते. तिने अंक चेल्लम्मा चेच्चीच्या हातात दिला. चेच्चीने हात पंचाला पुसले, पान शोधलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं.

“‘मंगलत्तांनी मोटार आणली. चाक सरपणात फोडणार होते. मी म्हटलं, ह्यावर माझे पाय झिजलेत, ते जाळायचं नाही. होडीत घातलं आणि शाळेत आणलं. पोरं बघतील म्हटलं.’”

तिने अंक मिटला. ओरडली नाहीच ती.

“टीचर,” ती म्हणाली, “त्या दिवशी घरी जाऊन मी अप्पाच्या फोटोसमोर उभी राहिले होते. म्हटलं, अप्पा, थापाड्या होतास की रे तू.”

पडद्यापाशी आर्द्रा उभी होती. ती आता हसत नव्हती, आणि दुसऱ्या रांगेकडे बघतही नव्हती. जिन्सीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिने तोही झटकला.

सोमवारी मधल्या सुट्टीत ओमना टीचर खिडकी उघडी टाकून बसली होती. कुणी येईल असं तिला वाटत नव्हतं. आर्द्रा आली. दारातच थांबली, टॅब छातीशी धरून.

“टीचर, चाकाच्या पानावरची चौकट भरायची आहे. ‘आम्ही चुकलो कुठे’. काय लिहू?”

“रेकॉर्ड करणार?”

“करू?”

“कर.” ओमना टीचरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लिही. ओमना टीचरला हेवा वाटला.”

पोरीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “कुणाचा?”

“जिन्सी टीचरचा. सगळे तिच्याकडे गेले म्हणून. तू गेलीस म्हणून.”

“मी कुठे गेले होते?” आर्द्राचा आवाज चिरकला. “मी पडवीतच होते की. तुम्ही खिडकी लावून घ्यायचात.”

ओमना टीचरने पदर हातात घेतला. पण पुसण्यासारखी शाई आता त्या बोटांना नव्हती, आणि पोरगीही दारातून आत आली नव्हती. ती मान खाली घालून टॅबवर एकेक अक्षर उमटवत होती. लिहून झालं आणि तिने वाचून पाहिलं.

“टीचर,” ती म्हणाली, “ह्याला दुसरा साक्षीदार लागेल.”

“लागेल,” ओमना टीचर म्हणाली. “जिन्सी टीचरला विचार. तिला कळलं असणार.”

आर्द्राने मान हलवली आणि ती विचारायला गेली.